निहारला मैदानाबाहेर काढण्याबाबत

मरीन परेड, सिंगापूर
७ सप्टेंबर २०२५

श्री. निशिकांत राजाध्यक्ष यांस,

शनिवार, दिनांक ६ सप्टेंबर, संध्याकाळी पाच वाजून चाळीस मिनिटं. ही वेळ मी मैदानावरच्या घड्याळात पाहिली आहे, तेव्हा तिच्याबद्दल वाद नको. त्या वेळी तुम्ही शिट्टी वाजवून इथल्या कॉलेजांच्या अमेरिकन फुटबॉल लीगचा चालू सामना थांबवलात, माझा नातू निहार याच्या खांद्याला धरलंत आणि सगळ्या प्रेक्षकांदेखत त्याला मैदानाबाहेर नेलंत. त्यानं कुणाला मारलं नव्हतं, कुणाला शिवी दिली नव्हती. चेंडूसुद्धा त्याच्यापासून लांब होता. हे मी खात्रीनं सांगते, कारण माझी नजर चेंडूवरून क्षणभरही हलली नव्हती. कॉन्व्हेंटमध्ये मी सहा वर्षं हॉकी खेळले आहे. खेळ कसा बघायचा हे मला सिस्टर्सनी छडी हातात घेऊन शिकवलं आहे.

मी तुम्हाला अहोजाहो करते आहे याचं नवल वाटू देऊ नका. माझ्या मावसबहिणीचा मुलगा म्हणून जो निशिकांत सिंगापुरात आला आणि तीन महिने माझ्या टेबलावर जेवला, तो 'अरे' होता. कैद्यासारखा पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट घालून माझ्या नातवाला बाहेर काढणाऱ्या इसमाशी माझी तेवढी ओळख नाही. डोक्यावर पांढरी टोपी चढवली की माणूस न्यायी होतो, हा आपल्याकडचा जुना गैरसमज आहे. तुम्ही तो इथपर्यंत आणलात.

अनंत चतुर्दशी होती. मंडळाचं विसर्जन सोडून मी सामन्याला आले होते. माझ्या शेजारी मंडळातल्याच एक बाई होत्या. निहारला तुम्ही नेत होतात तेव्हा त्या माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "काही घेतलं होतं का हो त्यानं?" नशेला माफी नसलेल्या या देशात असला प्रश्न एका पोराला किती महागात पडू शकतो, ते तुम्हाला कळत असावं. दोन वर्षं नॅशनल सर्व्हिस, म्हणजे इथली सक्तीची लष्करी सेवा, करून आलेला मुलगा आहे तो. त्याच्या नावामागे असलं काही लागलं तर ते तुमच्या शिट्टीनं पुसलं जाणार नाही.

मला लेखी माफी हवी. पुण्यात विमा कंपनीच्या दावे विभागात माझी हयात गेली. उत्तर न देणाऱ्यांना उत्तर द्यायला लावणं एवढंच काम मी केलं. या पत्राची प्रत, इंग्रजी भाषांतरासह, तुमच्या नेमणुका करणारे श्री. शिरीष ताम्हाणे यांना पाठवली आहे.

नीता कारखानीस

---

बेडोक
९ सप्टेंबर २०२५

ती. नीतामावशीस साष्टांग नमस्कार.

तुला तीनदा फोन केला. उचलला नाहीस, म्हणून कंपनीच्या बसमध्ये बसून लिहितो आहे. जुरोंग आयलंडच्या फाटकावर फोन जमा करावा लागतो. नंतर दिवसभर मला कुणाशीच बोलता येत नाही.

मावशी, आमचा पंचांचा चमू पाच जणांचा असतो. मी रेफ्री, म्हणजे पांढरी टोपी घालणारा चमूप्रमुख, चेंडू फेकणाऱ्याच्या मागे उभा. अंपायर समोर, आडदांड पोरांच्या गर्दीच्या अगदी पोटात. दोन्ही कडांच्या रेषांवर एकेक जण. आणि सगळ्यांत मागे, जिथे कुणीच नसतं तिथे, बॅक जज. चेंडू बघायचं काम एका वेळी एकाचंच, ज्याच्या हद्दीत तो असेल त्याचं. बाकीच्यांनी चेंडूकडे बघायचं नाही, माणसांकडे बघायचं. ऐकायला सोपं वाटतं, पण मान आपोआप चेंडूकडे वळते. ती सवय मोडायला मला दोन हंगाम लागले. तू लिहितेस, तुझी नजर चेंडूवरून हलली नाही. मावशी, तुला काही दिसलं नाही ते त्यामुळेच.

चेंडू डाव्या कडेला गेला होता. उजवीकडे एकाचं हेल्मेट निहारच्या हनुवटीखाली बसलं. हे फक्त गार्गीनं पाहिलं. ती आमची बॅक जज, एरवी बँकेत नोकरी करते. निहार पडला नाही. उठला, म्हणजे एका गुडघ्यावरून उभा राहिला, आणि चालत जाऊन समोरच्या संघाच्या घोळक्यात उभा राहिला. ती पोरं हसली. "ओई, राँग टीम लाह!" गार्गी धावत माझ्याकडे आली. "याचे डोळे बघा," एवढंच म्हणाली.

मी त्याला इंग्रजीत विचारलं, हे कुठलं मैदान? तो मराठीत म्हणाला, "पौड रोड." पुण्यातला.

चमूतल्या कुणालाही संशय आला तरी खेळाडूला बाहेर काढायचं ते मीच, आणि तो पुन्हा आत येऊ नये हे बघायचंही मीच. म्हणून हात माझा होता. मंडळातल्या त्या बाईंना मी स्वतः भेटून सांगेन. तुला मान खाली घालावी लागली त्याची माफी मागतो. त्याला बाहेर काढल्याची मागत नाही.

त्याला डॉक्टरकडे नेलंस का? फार झोपतो का? उलट्या, उजेडाचा त्रास, असं काही?

तुझा,
निशिकांत

---

मरीन परेड
११ सप्टेंबर २०२५

श्री. निशिकांत यांस,

पत्र पोचलं. भूमिती समजली, माफी मात्र बरीच शोधावी लागली.

निहार ठणठणीत आहे. कॉलेजात जात नाही, कारण तुम्ही त्याला तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीत. दिवसभर पडदे ओढून खोलीत पडून असतो. मी दिवा लावला की उशी तोंडावर घेतो. अपमान झालेला माणूस असाच वागतो. तुमचा कधी झाला नसेल. सोमवारी ओकला, ते तुमच्या बेडोकच्या हॉकर सेंटरमधून मित्रांनी आणलेल्या लक्सा नावाच्या तिखट नूडल्समुळे. तसलं झणझणीत आणि वाडगाभर खाल्लं तर मीही ओकेन.

त्याचे कोच मिस्टर लिम येऊन गेले. त्याच्याशी दहा मिनिटं बोलले आणि दारात मला म्हणाले, "आंटी, डोन्ट वरी, धिस वन टफ. रेस्ट टू-थ्री डेज, कॅन ऑरेडी." म्हणजे दोन-तीन दिवस विश्रांती की झालं. खेळ शिकवणाऱ्या माणसाला तुमच्यापेक्षा जास्त कळत असावं. अंतिम सामना २७ तारखेला आहे आणि त्यांना निहार हवा आहे, हेही ते म्हणाले.

एक गोष्ट मात्र या सगळ्यात चांगली झाली. ती तुम्हाला मुद्दाम सांगते, म्हणजे तुम्ही काय तोडायला निघाला होतात ते कळेल. निहार माझ्याशी मराठी बोलायला लागला आहे. सहा वर्षांचा असताना माझ्या लेकीनं, अश्लेषानं, त्याला पुण्याहून इथे आणलं, तेव्हापासून मी मराठीत विचारायचं आणि त्यानं "कॅन, आजी, कॅन" म्हणून सटकायचं, अशी आमची सोळा वर्षं गेली. आता तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहतो आणि म्हणतो, "आजी, मला थोडा भात वाढतेस का?" अगदी लहानपणीच्या आवाजात. मी वाढते. जेवतो, हात धुतो, जातो. थोड्या वेळानं पुन्हा दारात. "आजी, मला थोडा भात वाढतेस का?" काल तिसऱ्यांदा वाढला. दुःखात माणूस आपल्या भाषेकडे येतो म्हणतात ते खरं असावं.

अश्लेषा आणि त्याचे वडील विक्रांत दोहात नोकरीला आहेत. त्यांना मी काही कळवलेलं नाही. दोघांनाही सुट्टी नाही आणि कळवण्यासारखं काही नाही. तुमचं म्हणणं खरं ठरावं म्हणून धडधाकट पोराला हॉस्पिटलात नेणार नाही.

माफीची वाट पाहते आहे. या वेळी ती शोधावी लागू नये.

नीता कारखानीस

---

बेडोक
१३ सप्टेंबर २०२५

मावशी,

पोस्टात वेळ जाईल म्हणून हे बायकोच्या, स्मिताच्या, हाती पाठवतो आहे. ती दारात उभी असतानाच वाच.

त्याला आजच्या आज हॉस्पिटलात ने. भाताची गोष्ट भुकेची नाही. आपण जेवलो हे त्याला आठवत नाही. उजेड सहन न होणं हे अपमानाचं लक्षण नाही आणि सोमवारचं ओकणं लक्साचं नाही. तू लिहिलेली प्रत्येक गोष्ट आम्हाला शिकवतात त्यात जशीच्या तशी आहे. तू ती एकही न वगळता लिहून पाठवलीस, आणि खाली लिहिलंस, ठणठणीत आहे.

मराठीचं तुला सांगायला नको वाटतं, पण सांगतो. मैदानावर मी त्याच्यापासून हातभर अंतरावर होतो. लहानपणापासून तो मला निशिकांतमामा म्हणतो. त्या दिवशी त्यानं मला ओळखलं नाही. "काका, मला घरी सोडाल का?" असं म्हणाला.

माझ्यावर रागाव, हवं तर नंतर. स्मितानं खाली टॅक्सी थांबवून ठेवली आहे.

निशिकांत

---

मरीन परेड
१९ सप्टेंबर २०२५

चि. निशिकांत,

स्मिताला मी दारातूनच परत पाठवलं होतं. तिनं सांगितलं असेलच. पत्र घेतलं आणि न उघडता फ्रिजवर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, दुपारी निहारला मी खालून पाव आणायला पाठवलं. खाली म्हणजे लिफ्टनं उतरून समोर. तासभर आला नाही. त्याचा फोन घरातच वाजत होता. मी खाली गेले. पाववाल्या दुकानात नाही, बसथांब्यावर नाही. भुयारी रस्त्यानं समुद्राकडे गेले, तर किनाऱ्यावरच्या बाकावर बसला होता. भर उन्हात, डोळे घट्ट मिटून. पायांत एकच चप्पल. समोर समुद्रात जहाजं उभी होती. मला म्हणाला, "आजी, आज रिक्षाकाका आलेच नाहीत. शाळा बुडणार."

तिथून घरी आले आणि तुझं पत्र उघडलं. नंतर टॅक्सी मीच बोलावली.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या पण स्पष्ट बोलणाऱ्या. मेंदूला धक्का बसला आहे, सूज उतरायला वेळ लागेल, किमान सहा आठवडे मैदानाकडे फिरकायचं नाही. मी विचारलं, फिरकला तर? त्यांनी निहारकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "मॅडम, हा विचार करू नका. मैदानाकडे पाठवू नका." दावे विभागात मी असली उत्तरं हजारो ऐकली आहेत. माणूस प्रश्न टाळतो तेव्हा रक्कम मोठी असते.

बुधवारपासून तो सुधारतो आहे. सकाळी त्यानं मला इंग्रजीतून झिडकारलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे चांगलं लक्षण. पण इंग्रजीबरोबर त्याचा हट्टही परत आला. २७ ला अंतिम सामना, आणि तो खेळणार. मी रडले नाही, ओरडले. तो म्हणाला, "आजी, आय ॲम ट्वेंटी-टू. वन गेम ओन्ली लाह. आफ्टर दॅट आय रेस्ट, ओके?" काल बॅग भरून होस्टेलला गेला. जाताना दाराच्या चौकटीला खांदा आपटला. चौकट आहे तिथेच आहे, निशिकांत. सोळा वर्षं तो त्यातून जातो आहे.

त्यानं कुठल्याशा दवाखान्यात जाऊन डोकं दुखत नाही म्हणून सांगितलं आणि खेळायला योग्य असल्याचा दाखला आणला. मिस्टर लिमना फोन केला, तर म्हणाले, "आंटी, डॉक्टर से कॅन, हाऊ कॅन आय से कॅनॉट?" हॉस्पिटलातून त्यांना काही कळत नाही, कारण निहारच्या सहीशिवाय हॉस्पिटल कुणाला काही सांगत नाही. अश्लेषाला आता सगळं कळवलं आहे. तिच्याशी तो फोनवर इतकं छान बोलला की तिला मीच घाबरट वाटते. तरी तिनं तिकिटं काढली आहेत. मिळाली ती २८ ची.

उरलास तू. तो पुढच्या शनिवारी मैदानात उतरेल तेव्हा तू तिथे असशील. पहिली शिट्टी व्हायच्या आधी त्याला खांद्याला धर आणि बाहेर काढ, सगळ्या गावासमोर. या वेळी मी उभी राहून टाळ्या वाजवीन.

नीतामावशी

---

बेडोक
२१ सप्टेंबर २०२५

ती. मावशीस साष्टांग नमस्कार.

हे पत्र लिहायला मला दोन दिवस लागले. शनिवारी मी तिथे नसेन.

तुझी पहिली तक्रार शिरीष ताम्हाण्यांकडे गेली तेव्हाच त्यांनी मला अंतिम सामन्यावरून उतरवलं. चौकशी होईपर्यंत. मी तुला हे सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तुला वाटलं असतं, हा मला तक्रार मागे घ्यायला लावतोय. आणि आमच्यात चमू फुटत नाही. पांढरी टोपी उतरली की पाचही जण उतरतात. गार्गीही नाही. त्या दिवशी निहारचे डोळे ज्यांनी पाहिले त्यांतलं कुणीही शनिवारी मैदानावर नसेल.

दुसरा चमू येतो आहे. चांगली माणसं आहेत. पण एका चमूनं दुसऱ्याला, थेट किंवा वरिष्ठांमार्फत, सामन्याआधी कुठल्याही खेळाडूबद्दल काही सांगायचं नाही, असा आमचा कडक दंडक आहे. पोरांवर आधीच शिक्का बसू नये म्हणून. दंडक चांगला आहे. आजवर मी तो एकदाही मोडला नव्हता.

काल तुझं पत्र वाचून मोडला. ताम्हाण्यांना घरी जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी चहा दिला, ऐकून घेतलं आणि म्हणाले, "निशिकांत, ज्या पोराच्या आजीनं तुझी तक्रार केली, नेमकं तेच पोर तुला खेळायला नको. बाहेर हे कसं दिसेल, सांग ना. सूड दिसेल. आणि त्याच्याकडे डॉक्टरचा दाखला आहे." मी म्हटलं, मावशीच सांगते आहे. ते म्हणाले, "मावशींचं माझ्याकडे आलेलं पत्र वेगळंच सांगतं. त्यात तर मुलाला काहीही झालेलं नव्हतं."

निहारलाही भेटलो, होस्टेलवर. "मामा, चिल," म्हणाला. मी त्याला आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगितले. शुक्रवारपर्यंत आला आणि हसून विषय बदलला. खोलीचे पडदे बंद होते.

तू विचारलं होतंस, फिरकला तर काय. त्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं नाही ते मी सांगतो, कारण तू न सांगितल्याचा अर्थ लावत बसशील. पहिल्या धक्क्यातून पोरं बरी होतात. पहिला निवळायच्या आत दुसरा बसला, तर तो मोठा असावाही लागत नाही. साधा बसला तरी पुरतो. पोर स्वतःच्या पायांनी कडेपर्यंत चालत येतं, पाणी मागतं, बाकावर बसतं. पुढचं काही मिनिटांत होतं, आणि ते पोर पुन्हा उठत नाही.

माझं आता कुणी ऐकणार नाही. तुझं ऐकावं लागेल.

निशिकांत

---

मरीन परेड
२३ सप्टेंबर २०२५

श्री. शिरीष ताम्हाणे यांस,

माझं ७ तारखेचं पत्र तुमच्याकडे आहे. त्यातली वेळ बरोबर आहे, बाकी सगळं चूक आहे. त्या दिवशी मी चेंडूकडे बघत होते. तुमच्या पाच माणसांनी बघितलं माझ्या नातवाकडे. त्याबद्दल तुम्ही त्यांना घरी बसवलंत, तेही माझ्या सांगण्यावरून. माझी तक्रार मी संपूर्ण मागे घेत आहे. इंग्रजी प्रत सोबत आहे, म्हणजे भाषेच्या आड कुणाला लपता येणार नाही.

निशिकांतला तुम्ही म्हणालात की सूड दिसेल. त्याच्याविरुद्ध तक्रार करणारी मी. ज्याच्यावर सूड उगवला जाईल म्हणता त्याची आजी मीच. आता तीच बाई तुम्हाला सांगते आहे की निहारला खेळू देऊ नका. बाहेर हे कसं दिसेल याची काळजी असेल, तर हे पत्र फलकावर लावा.

१४ तारखेला हॉस्पिटलात डॉक्टरांनी त्याला सहा आठवडे मैदान बंद केलं. मी त्या खोलीत खुर्चीवर बसले होते. कागद निहारनं मला दिला नाही, पण कान माझे मला आहेत. तुम्हाला दाखवलेला दाखला ज्या डॉक्टरनं दिला, त्याला या हॉस्पिटलचं नावसुद्धा सांगितलेलं नाही. विचारून बघा. विचारणं तुमच्या हातात आहे.

डॉक्टरचा दाखला असला तरी संशय येताच खेळाडूला बाहेर काढायचा अधिकार पांढऱ्या टोपीला आहे, हे मला आता पाठ झालं आहे. तो संशय मी तुम्हाला लेखी देते आहे. माझ्या नातवाला परवापरवापर्यंत आपण जेवलो की नाही हे आठवत नव्हतं. जाताना तो घरच्या दाराला धडकून गेला. शनिवारच्या चमूला हे कळू न देण्याचा तुमचा दंडक पोरांच्या भल्यासाठी आहे, असं निशिकांत म्हणतो. तो भला मुलगा आहे, तो तसंच म्हणणार. पण या एका पोराच्या बाबतीत तो दंडक पाळलात, तर शनिवारी काय होऊ शकतं ते तुम्हाला आधी माहीत होतं, असं माझं हे पत्र सिद्ध करील. मी विमा कंपनीत नोकरी केली आहे. 'माहीत होतं' या दोन शब्दांचं वजन तुमच्या वकिलांना विचारा.

मला तुमच्याकडून दोन गोष्टी लिहून हव्या आहेत. निहारचं नाव शनिवारच्या खेळाडूंतून काढलं आहे, आणि राजाध्यक्ष यांचा चमू अंतिम सामन्यावर परत नेमला आहे. दुसरी जमली नाही तर मी भांडेन. पहिली जमली नाही तर नाणेफेकीच्या वेळी मी मैदानाच्या मध्यावर खुर्ची टाकून बसेन. एकाहत्तर वर्षांच्या बाईला उचलून बाहेर नेण्याचं काम पाचांपैकी कुणाचं, ते ठरवून ठेवा.

निहार माझ्याशी बोलणार नाही. कदाचित कधीच बोलणार नाही. चालेल. न बोलणारा नातू मला हवा आहे.

उत्तर लेखी हवं, तुमच्या सहीचं, शुक्रवार दिनांक २६ सप्टेंबर, संध्याकाळी पाचच्या आत, माझ्या दारात. फोन करू नका, मी उचलणार नाही. त्यानंतर सांत्वनाचं जे पत्र तुम्हाला मला लिहावं लागेल, ते मी घेणार नाही.

नीता कारखानीस